सुटलेलं पोट नाही, व्यसन नाही, तरी गांधीजींचं बीपी २२० वर कसं गेलं?

तारीख १९ फेब्रुवारी १९४०. महात्मा गांधींचं ब्लड प्रेशर मोजलं गेलं आणि आकडा आला २२०/११०.

आज कुठल्याही दवाखान्यात हा आकडा आला तर सिस्टर दुसऱ्यांदा पट्टा बांधून बघेल आणि डॉक्टर हातातलं काम टाकून येतील. कारण नॉर्मल बीपी साधारण १२०/८० च्या आसपास असतं आणि १४०/९० च्या वर सतत राहिलं तर तो हाय बीपीचा पेशंट.

आता हे बीपी कोणाचं होतं ते बघा. उंची ५ फूट ५ इंच, वजन ४६.७ किलो. पोट सुटलेलं नाही, उलट बीएमआय १७.१, म्हणजे वजन गरजेपेक्षा कमीच. शाकाहारी माणूस. दारू नाही, तंबाखू नाही, चहा-कॉफीही नाही. रोज सकाळ-संध्याकाळ चालणं. आठवड्यातून एक दिवस मौन.

डॉक्टर आपल्याला जे जे करायला सांगतात ते ते करणारा माणूस. तरी बीपी २२०.

हे आकडे व्हॉट्सॲप फॉरवर्डमधले नाहीत. गांधीजींच्या १५० व्या जयंतीच्या निमित्ताने २०१९ मध्ये आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, त्यांच्या तब्येतीच्या जुन्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यात हे सगळं आहे. २६ ऑक्टोबर १९३७ ची आणखी एक नोंद आहे, १९४/१३०.

गांधीजींचं आयुष्य आपण चंपारण, दांडी, चले जाव अशा टप्प्यांनी शिकलोय. पण त्याच आयुष्याची आणखी एक गोष्ट आहे, बीपीची. तिचा मोठा भाग आपल्या नागपूरपासून ७५ किलोमीटरवर घडलाय.

मिठाची पैज

२ ऑक्टोबर १८६९ ला पोरबंदरला जन्म. लहानपणी काकांनी टाकलेली विड्यांची थोटकं चोरून ओढण्याचा उद्योग त्यांनी केला होता, पण तो तेवढ्यावरच संपला. पुढे लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले आणि १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पोहोचले.

तिथे खाण्यापिण्याचे प्रयोग सुरू झाले. कस्तुरबा आजारी होत्या. रक्तस्राव थांबत नव्हता. गांधीजींनी त्यांना मीठ आणि डाळी सोडायला सांगितलं. बा ऐकेनात. हे तर तुम्हालाही जमणार नाही, असं त्यांनी सुनावलं. झालं, गांधीजींनी जागच्या जागी वर्षभरासाठी दोन्ही सोडून टाकलं. बा कळवळल्या, रडल्या, पण गांधीजी मागे हटले नाहीत.

पुढे १९३० मध्ये हाच माणूस मिठासाठी साबरमती ते दांडी चालत गेला. वय ६०, अंतर साधारण ३८५ किलोमीटर. गरिबाच्या मिठावर कर नको म्हणून देश हलवला.

पण दांडीला निघण्याच्या तीन वर्षं आधी त्यांच्या शरीराने एक इशारा दिला होता, तोही आपल्या महाराष्ट्रात.

कोल्हापुरात कोसळले

१९२७ च्या सुरुवातीला गांधीजी खादीसाठी दौऱ्यावर होते. रोज नवं गाव, रोज सभा. मार्चच्या अखेरीस कोल्हापुरात एका दिवसात एकामागून एक कार्यक्रम झाले आणि तब्येत कोसळली. डॉक्टरांनी तपासलं तर ब्लड प्रेशर वाढलेलं. मेंदूला सौम्य झटका बसल्याची नोंद चरित्रकारांनी केली आहे. तेव्हा ते ५७ वर्षांचे होते.

दौरा थांबवावा लागला. आधी सावंतवाडीजवळ आंबोलीला आणि मग बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सवर त्यांना विश्रांतीसाठी नेलं. एका जागी बसणं ज्यांना माहीतच नव्हतं, ते गांधीजी काही आठवडे डोंगरावर बसून राहिले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. झटका येईपर्यंत बीपी आहे हे बाहेरून दिसलं नव्हतं. हाय बीपी बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही. आतल्या आत मात्र त्याचं काम चालू असतं. रक्त जास्त दाबाने ढकलावं लागतं म्हणून हृदयाचा स्नायू जाड होत जातो. रक्तवाहिन्या कडक होतात. मग एक दिवस हृदयाची वाहिनी बंद पडते, नाहीतर मेंदूतली फुटते. घरचे म्हणतात, काल तर चांगले होते.

वर्ध्याला कसे आले?

त्यासाठी नागपूरला यावं लागेल. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं. असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झालं ते इथेच. स्वागताध्यक्ष होते वर्ध्याचे तरुण व्यापारी जमनालाल बजाज. गांधीजींनी आपल्याला पाचवा मुलगा मानावं, अशी त्यांची इच्छा होती आणि गांधीजींनी ती मान्य केली.

याच पाचव्या मुलाच्या आग्रहामुळे गांधीजींचा मुक्काम वर्ध्यात आला. जमनालालजींनी दिलेल्या जागेत मगनवाडी उभी राहिली आणि १९३५ मध्ये गांधीजी तिथे राहायला लागले.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा तेच झालं. बीपी वाढलं, तब्येत ढासळली. डॉक्टरांनी काम, भेटी, लिखाण सगळं बंद केलं. आठवड्यामागून आठवडे न चुकता लिहिणारे गांधीजी फेब्रुवारी १९३६ च्या अखेरपर्यंत लिहू शकले नाहीत.

दोन झटके खाऊन झालेला, ६६ वर्षांचा, हाय बीपीचा पेशंट. डॉक्टरांच्या भाषेत हाय रिस्क. अशा माणसाने मोठ्या शहरात, मोठ्या हॉस्पिटलजवळ राहायला हवं होतं ना?

गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला शेगावला गेले. वर्ध्यापासून सातआठ किलोमीटरवरचं हे खेडं. धड रस्ता नाही आणि उन्हाळा विदर्भाचा. संतांच्या शेगावशी गोंधळ व्हायचा, टपाल चुकीच्या गावी जायचं, म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव झालं सेवाग्राम.

खेड्यात डॉक्टर आली

सेवाग्रामच्या गोष्टीतलं सर्वात महत्त्वाचं पात्र म्हणजे डॉ. सुशीला नायर. जन्म १९१४ चा, पंजाबातला. गांधीजींचे सचिव प्यारेलाल यांच्या त्या धाकट्या बहीण. दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजातून डॉक्टर झाल्या आणि सेवाग्रामला आल्या. गावात कॉलरा पसरला तेव्हा तो आटोक्यात आणायला त्या झटल्या आणि पुढे गांधीजींच्या डॉक्टर झाल्या.

गांधीजींचं आणि डॉक्टरांचं जमायचं कसं, हा प्रश्नच आहे. १९०९ च्या हिंद स्वराज्यमध्ये त्यांनी डॉक्टरी पेशावर सडकून टीका केली होती. त्यांचा भर मातीच्या पट्ट्या, मालिश, पाण्याचे उपचार, मोजकं खाणं यांवर होता.

पण बीपी ते मोजून घ्यायचे. त्यांच्या पत्रांतून जागोजागी बीपीचे आकडे येतात, जसं आपण घरी फोन करून आज पाऊस पडला म्हणून सांगतो तसे. आकडा वाढला की भेटी कमी व्हायच्या, झोप वाढवली जायची, जेवणात बदल व्हायचा. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. गिल्डर आणि डॉ. जीवराज मेहता यांच्यासारखे मोठे डॉक्टर अधूनमधून तपासायचे. रोजचं लक्ष मात्र जवळच्या माणसांचं असायचं.

फेब्रुवारी १९४० मध्ये २२०/११० आलं तेव्हाही गांधीजींनी सुशीला नायर यांना पत्राने ते कळवलं. मन शांत आहे, असंही सांगितलं. सर्पगंधाचे थेंब घेत असल्याचा उल्लेखही त्यांच्या पत्रव्यवहारात आहे.

सर्पगंधा हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

दोन वर्षांत तीन माणसं गेली

आता या गोष्टीतला सर्वात वाईट भाग.

गांधीजींच्या भोवती जी माणसं होती, ती त्यांच्यासाठी राबत होती. जमनालाल बजाज त्यातले एक. ११ फेब्रुवारी १९४२ ला वर्ध्यात मेंदूत रक्तस्राव झाला आणि ते अचानक गेले. वय फक्त ५२. गांधीजींच्या आधी त्यांचा पाचवा मुलगा गेला.

दुसरे महादेवभाई देसाई. १९१७ पासून गांधीजींचे सचिव. त्यांचं घर वर्ध्याला मगनवाडीत आणि गांधीजी सेवाग्रामला. म्हणून महादेवभाई रोज चालत सेवाग्रामला जायचे आणि चालत परत यायचे, वर्ध्याच्या उन्हातसुद्धा. एखाद्या दिवशी दोनदाही. बाकीच्या वेळात पत्रं, भाषांतरं, लेख, डायरी. १९३८ मध्ये त्यांचीही तब्येत ढासळली आणि बीपी वाढलेलं निघालं. काही दिवस सक्तीची विश्रांती झाली. मग पुन्हा काम.

९ ऑगस्ट १९४२ ला चले जाव आंदोलनात अटक झाली. गांधीजी, महादेवभाई, कस्तुरबा, सुशीला नायर यांना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. सहाच दिवसांनी, १५ ऑगस्टच्या सकाळी, महादेवभाईंना हार्ट अटॅक आला. सुशीला नायर तिथेच होत्या. त्यांनी धावपळ केली, पण हाती काही लागलं नाही. महादेवभाईंचं वय ५०.

तिसऱ्या कस्तुरबा. त्यांना तिथेच हृदयाचा त्रास वाढत गेला. २२ फेब्रुवारी १९४४ ला त्याच कैदेत त्या गेल्या. आगाखान पॅलेसच्या आवारात आज महादेवभाई आणि बा यांच्या समाध्या शेजारीशेजारी आहेत.

त्याच कैदेत, फेब्रुवारी १९४३ मध्ये, ७३ वर्षांच्या गांधीजींनी २१ दिवसांचा उपवास केला होता. त्यांच्या जवळ डॉक्टरांचा पहारा होता. डॉ. गिल्डर स्वतः कैदी होते, त्यांनाही तिथे आणलं गेलं. उपवासातून गांधीजी वाचले.

बीपी मोजत राहिल्यामुळेच गांधीजी वाचले आणि बाकीचे गेले, असं सरळ गणित मांडता येणार नाही. नशीब, शरीराची ठेवण, वय, सगळंच वेगळं. पण एक फरक डोळ्यांत भरतो. गांधीजींचा आकडा वाढला की सगळा आश्रम थांबायचा. महादेवभाईंचा आकडा वाढला तेव्हा काम काही काळ थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

आपल्या घरात बघा. बाबांचं बीपी दर महिन्याला मोजलं जातं. आईचं शेवटचं कधी मोजलं?

औषध एक वर्ष उशिरा आलं

तुम्ही म्हणाल, गांधीजींनी बीपीची गोळी का नाही घेतली? कारण आजच्यासारखी गोळी तेव्हा नव्हतीच.

त्या काळात जगातल्या सर्वात ताकदवान माणसाकडेही ती नव्हती. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ ला मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्या दिवशी त्यांचं बीपी ३००/१९० नोंदवलं गेलं होतं. दिमतीला डॉक्टर होते, औषध नव्हतं. वयाबरोबर बीपी वाढणं साहजिक आहे, असं मानणारे डॉक्टरही तेव्हा होते.

गांधीजी २५ ऑगस्ट १९४६ ला सेवाग्रामहून निघाले आणि परत आलेच नाहीत. नोआखाली, बिहार, कलकत्ता, दिल्ली. दंगलींच्या मागे हा ७७ वर्षांचा पेशंट अनवाणीसुद्धा चालला. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत त्यांची हत्या झाली. ज्या बीपीची वीस वर्षं सगळ्यांना धास्ती होती, त्याने त्यांना नेलं नाही. गोळ्यांनी नेलं.

त्याच १९४८ मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या गावात एक अभ्यास सुरू झाला. गावातल्या हजारो लोकांना वर्षानुवर्षं तपासत राहायचं आणि हार्ट अटॅक कोणाला येतो ते बघायचं. हाय बीपी, सिगारेट, कोलेस्टेरॉल ही हृदयविकाराची कारणं आहेत, हे आपण आज जे सहज बोलतो, त्यामागे या अभ्यासाचा मोठा हात आहे.

आणि १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये एक लेख लिहिला. हाय बीपीच्या ५० पेशंटना त्यांनी एक देशी वनस्पती देऊन बघितली होती आणि बहुतेकांचं बीपी खाली आलं होतं. वनस्पती कोणती? सर्पगंधा. तिच्यातून पुढे रिसर्पिन हे औषध निघालं आणि जगभर वापरलं गेलं. डॉ. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

पण म्हणून आज उठून कोणी सर्पगंधा आणून खाऊ नका. तिचे दुष्परिणाम आहेत, नैराश्य येऊ शकतं. आता तिच्याहून चांगली, सुरक्षित आणि स्वस्त औषधं आहेत.

सेवाग्रामचं पुढे काय झालं?

कस्तुरबांच्या आठवणीत सेवाग्रामला बायका आणि मुलांसाठी १५ खाटांचं छोटं हॉस्पिटल सुरू झालं होतं. सुशीला नायर पुढे १९६२ ते १९६७ केंद्रात आरोग्यमंत्री होत्या. १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीला, त्यांनी तिथेच मेडिकल कॉलेज उभं केलं. देशातलं पहिलं ग्रामीण मेडिकल कॉलेज. डॉक्टरांनी खेडं बघितलं पाहिजे, हा त्यामागचा विचार. गावकऱ्यांनी सुगीत ज्वारी द्यायची आणि तोच आरोग्य विम्याचा हप्ता, अशी योजनाही इथे चालली. ३ जानेवारी २००१ ला सुशीला नायर सेवाग्राममध्येच गेल्या.

आणि मग २०१७ च्या अखेरीस केंद्र सरकारने हाय बीपीवर एक कार्यक्रम सुरू केला. सुरुवातीला पाच राज्यांतले २५ जिल्हे. महाराष्ट्रातले चार होते सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा.

ही कल्पना अगदी साधी आहे. बीपीच्या पेशंटला शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात खेचायचं नाही. त्याच्या गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी मोजायचं. आधी कोणतं औषध, आकडा उतरला नाही तर पुढे काय, हे आधीच ठरलेलं. महिन्याभराच्या गोळ्या फुकट. प्रत्येकाची नोंद. पेशंट गोळ्या न्यायला आला नाही तर त्याला फोन, नाहीतर घरी चक्कर. पुढे हा कार्यक्रम देशभर पसरला आणि २०२२ मध्ये प्राथमिक आरोग्य सेवेतल्या कामासाठी त्याला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

मग आपण काय करायचं?

तीस वर्षं पूर्ण झाली असतील तर बीपी आणि शुगर तपासा. आशाताई घरी फॉर्म घेऊन येतात, त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरात कोणाला बीपी-शुगर-हृदयविकार आहे का, असे प्रश्न असतात. त्यांना दारातून परत पाठवू नका. गुण चारच्या वर गेले की पुढची तपासणी आधी करायची, एवढाच त्याचा अर्थ.

बीपी आहे, शुगर आहे, खर्रा किंवा सिगारेट चालू आहे, वडिलांना किंवा भावाला कमी वयात अटॅक येऊन गेलाय. यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या की धोका नुसता वाढत नाही, झपाट्याने वाढतो. अशा माणसाला छातीत दुखायची वाट बघायला वेळ नसतो. कोलेस्टेरॉलची गोळी लागेल का, हेही जवळच्या डॉक्टरला विचारून घ्यायचं.

मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवा, म्हणजे एक छोटा चमचा, लोणचं-पापड-फरसाणातलं धरून. आणि सर्वात महत्त्वाचं, बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करू नका. ते नॉर्मल आलंय ते गोळीमुळेच.

आपण नागपूरकर सुट्टीच्या दिवशी सेवाग्रामला जातो. बापूकुटीत चपला काढून आत डोकावतो, फोटो काढतो, येताना वर्ध्याला गोरसपाक घेतो. पुढच्या वेळी जाल तेव्हा वाटेतल्या एखाद्या आरोग्य केंद्राची पाटी बघा. ज्या गोळीसाठी गांधीजी आणि रूझवेल्ट जन्मले तेव्हा मुहूर्त जुळला नव्हता, ती गोळी तिथल्या कपाटात आहे. पैसे लागत नाहीत. आधी दंडाला पट्टा बांधून घ्यावा लागतो, एवढंच.